बैलाच्या डोळ्याचा दाखला

धुळ्याच्या कॉलेजात एनसीसीचा खाकी गणवेश घातलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, निंबा आठवतो का म्हणून. लगेच आठवेल. आडनाव मात्र एकालाही सांगता यायचं नाही. निंबा दगाजी पाटील हे नाव फक्त पगारपत्रकात होतं. बाकी सगळ्यांचा तो 'बटातला निंबा'.

लळिंगच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी फायरिंगचं मैदान होतं. गावातले लोक त्याला चांदमारी म्हणत. मैदानाच्या टोकाला पाट्या उभ्या करायच्या आणि त्या पाट्यांच्या खाली जो खंदक खोदलेला असतो, तो बट. पोरं तिकडून पालथी पडून गोळ्या झाडायची आणि निंबा इकडे खंदकात बसून डोक्यावरून जाणारा आवाज ऐकायचा. शिटी वाजली की पाटी खाली ओढायची, भोकं मोजायची, खळ लावून त्यावर कागदाचे तुकडे चिकटवायचे आणि पाटी पुन्हा वर ढकलायची. काळ्यावर काळा तुकडा, पांढऱ्यावर पांढरा. मधल्या काळ्या गोलाला बुल्स आय म्हणत. गोळी तिथे लागली की निंबा लांब काठी वर काढून जोरजोरात हलवायचा, आणि पलीकडे पोरं ओरडायची. स्वतः त्यानं आयुष्यात कधी बंदूक झाडली नव्हती. कॉलेजच्या शिपायाला परवानगी नव्हती आणि त्यालाही कधी हौस आली नाही. पण काळ्या कागदाचे गोल तुकडे कापावेत ते त्यानंच. डोळे मिटून कापले तरी एकसारखे निघत.

दरवर्षी नवी तुकडी आली की हरयाणाचे सुभेदार साहेब तिला झाडाखाली बसवून एक गोष्ट सांगत. "पुराने जमाने में इंग्लैंड के तीरंदाज बैल की खोपड़ी खंभे पर टाँगते थे। जिसका तीर आँख के गड्ढे से पार हुआ, वही असली निशानेबाज। इसलिए बुल्स आय। बुल माने बैल, आय माने आँख। समझे?" पोरं एका सुरात "समझे" म्हणत आणि सुभेदार निंबाकडे बघून विचारत, "क्यों निंबा?" निंबा मान हलवायचा. ही गोष्ट त्याला मनापासून आवडायची. आपण दिवसभर जे चिकटवतो त्यामागे काही इतिहास आहे, या विचारानं त्याची छाती जराशी फुगायची.

तिथेच त्याचं सगळं बिघडलं.

निंबाचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठाला. घरी आई द्रौपदाबाई, धाकटा भाऊ वना, सात एकर शेत आणि लाखा-कवड्या ही बैलजोडी. त्यांच्या घरची पोळ्याची एक रीत होती. बैल तोरणाखालून वाजतगाजत फिरून दारात आले की घरातल्या मोठ्या माणसानं आधी त्यांच्या कपाळाला कुंकवाचा टिळा लावायचा, पुरणपोळीचा पहिला घास भरवायचा आणि मगच बाईनं ओवाळायचं. वडील होते तोवर ते लावत. त्र्याऐंशीच्या थंडीत ते गेले आणि पुढच्या पोळ्याला द्रौपदाबाईनं कुंकवाची ताटली निंबाच्या हातात दिली. गल्ली बघत होती. त्या दिवशी निंबाला पहिल्यांदा वाटलं, की आपण खरोखर दगाजी पाटलाचे थोरले आहोत. एरवी धुळ्यात दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या, साहेबांच्या हाकेला "जी" म्हणणाऱ्या माणसाला वर्षातून एक दिवस का होईना, सगळ्यांसमोर मोठं व्हायला मिळत होतं. तो दिवस त्याला हवा होता. फार हवा होता.

पुढच्या वर्षी, पंच्याऐंशी साली, तो पोळ्याच्या आदल्या दिवशीच गावाला आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद लावून मळायचे आणि उद्याचं जेवणाचं आवतण बैलांच्या कानात द्यायचं. वना मळत होता. निंबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता, आणि ओट्यावर गल्लीतली चार माणसं होती. कुणीतरी विचारलं, की बुवा, तू धुळ्याला नेमकं करतोस काय. आता सरळ सांगायचं की नाही, की भोकं बुजवतो म्हणून? पण नाही. निंबानं सुभेदारांची गोष्ट काढली. आणि सांगता सांगता त्याला असा रंग चढला, की सुभेदारांच्या गोष्टीत जिथे वाळलेली कवटी होती तिथे त्यानं जिवंत बैल आणून बांधला. चांगला धिप्पाड. तीर काय, गोळी काय, डोळ्यात घुसली की साहेब लोक टाळ्या वाजवायचे. खांदेमळणीच्या दिवशी, बैलांसमोर, हे. शहाण्या माणसाची जीभ अशा वेळी टाळूला चिकटते, पण निंबाची त्या दिवशी सैल सुटली होती.

द्रौपदाबाई दारात उभी होती. तिनं पुरी गोष्ट ऐकली होती. माणसं उठून गेल्यावर तिनं विचारलं, "जठे बैलना डोयामा गोया मारतस, तठे तू काम करस?"

"माय, आते कोनी बैल मारत नही. कागदवर काया ठिपका ऱ्हास."

"मंग त्याले बैलना डोया काब्र म्हणतस?"

"पह्यले मारेत म्हणीसन."

"तो ठिपका कोन चिकटाडस?"

निंबाचं लक्ष आपल्या बोटांकडे गेलं.

"तो हात मन्हा बैलले लावाना नही," द्रौपदाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ताटली वनाच्या हातात गेली.

निंबानं समजावून पाहिलं. ती कवटी होती, मेलेल्या बैलाची, जिवंत बैल मीच घातला, असंही सांगून पाहिलं. त्यावर आई म्हणाली, "म्हणजे तू कालदिन खोटं बोलना." म्हणजे आता दोन गुन्हे झाले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तो शबद कोठून उना ते नक्की ठाऊक करी ये. बैल नही मारेत असं निंघनं, तं लाव टिया."

आता म्हातारी बाई काहीतरी म्हणाली, सोडून द्यावं. वर्ष उलटलं की तीही विसरेल. पण निंबाला ते सोडवेना. एकतर चूक त्याचीच होती, आणि आपल्याच तोंडानं घालवलेली गोष्ट माणसाला जास्त टोचते. दुसरं असं, की आईनं अट घातली होती, आणि ती त्याला सोपी वाटली होती. एका शब्दाचा तर प्रश्न. कॉलेजात नोकरी, चहूकडे प्राध्यापक. आठ दिवसांचं काम.

पाच वर्षं लागली.

आधी तो एनसीसीच्या प्राध्यापकांकडे गेला. ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि वर्दी घातली की स्वतःला मेजर समजायचे. ते म्हणाले, "सुभेदार सांगतात ना? मग झालं. फौजेत उलट विचारायचं नसतं." मग इंग्रजीचे सर. त्यांनी आधी पाच मिनिटं, तुला हे कशाला हवंय, हेच विचारलं. शिपायाला इंग्रजी शब्दाची चौकशी कशाला, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मग चष्मा पुसत म्हणाले, "इंग्लंडात पूर्वी बैलावर कुत्री सोडायचे. लोक पैजा लावायचे. त्यातूनच काहीतरी डोळ्याचं आलं असणार." निंबा बैलाला वाचवायला निघाला होता आणि ज्याच्याकडे जावं तो बैलाला आणखी एक मरण देत होता.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शब्दकोशात नुसता अर्थ होता, लक्ष्याचा मध्य. "ते मला ठाऊक आहे," निंबा ग्रंथपालाला म्हणाला, "ते मीच चिकटवतो." ग्रंथपालाला वाटलं हा उद्धटपणा करतोय. त्यानं कपाट बंद करून किल्ली खिशात टाकली.

पोळे येत होते, जात होते. निंबा दरवर्षी जायचा. मोकळ्या हातानं मागे उभा राहायचा आणि वना टिळा लावायचा. वना मुखदुर्बळ माणूस. त्यानं कधी विचारलं नाही, की भाऊ, तू का नाही लावत. गल्लीतल्या लोकांनी मात्र विचारलं. निंबा म्हणायचा, हाताला लागलंय. एका वर्षी खरोखरच लागलं होतं, तेव्हा कुणीच विचारलं नाही.

सत्याऐंशी साली त्याला एक युक्ती सुचली. जळगावहून निघणाऱ्या एका दैनिकात दर रविवारी वाचकांच्या शंकांना उत्तरं छापून यायची. निंबानं पोस्टकार्ड टाकलं. वळणदार अक्षरात, नाव-गावासकट. सात महिने काही नाही. तो विसरूनही गेला. आणि पुढच्या वर्षी, पोळ्याच्या ऐन आठवड्यात, ते उत्तर आलं. शंका विचारणारा निंबा दगाजी पाटील, आणि खाली चार ओळींत सुभेदारांचीच गोष्ट, वर 'असे जाणकार सांगतात' अशी पुस्ती. गावात तो पेपर ग्रामपंचायतीत यायचा. तिथल्या शिपायानं तो मोठ्यानं वाचला, मग घरी येऊन द्रौपदाबाईलाही वाचून दाखवला, कारण पेपरात पोराचं नाव आलं याचं त्याला फार कौतुक. निंबा गावी पोचला तेव्हा आई म्हणाली, "देखं. पेपरमा बी तेच शे. आनि तुन्हंच नाव टाकीसन."

त्या रात्री निंबानं जेवायला बसून भात नुसता चिवडला. त्याला रडू आलं नाही, राग आला. सुभेदारांचा, इंग्रजीच्या सरांचा, पेपरवाल्यांचा. एकालाही ठाऊक नव्हतं आणि एकालाही 'मला ठाऊक नाही' म्हणता येत नव्हतं. या तीन शब्दांना काही पैसे पडतात का? धुळ्याला परतल्यावर त्याची बायको यशोदाबाई म्हणाली, "इतलं फिरनं व्हतं तं आंडेरनं लगन ठरी जातं." तिचंही खोटं नव्हतं, पोरगी लग्नाला आली होती.

एकोणनव्वद साली एनसीसीचं दहा दिवसांचं शिबिर जळगावला भरलं. निंबा सामानाबरोबर गेला. तिथे कुणीतरी सांगितलं, की इथल्या एका जुन्या वाचनालयात इंग्रजी शब्दांचा मोठा कोश आहे, एकेका शब्दाची जन्मकुंडली देतो, बारा-तेरा जाड खंड. निंबानं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, रिक्षानं गेला. दाराला कुलूप. पुस्तकांची मोजदाद चालू आहे, सोमवारपर्यंत बंद. शिबिर रविवारी संपत होतं. तो पायरीवर बसला आणि त्यानं त्या कुलपाकडे इतका वेळ पाहिलं, की समोरचा पानवाला येऊन विचारून गेला, काही हरवलंय का म्हणून.

नव्वद साली शिबिर पुन्हा जळगावलाच आलं, पोळ्याच्या पंधरा दिवस आधी. या वेळी दार उघडं होतं. आत टेबलाशी आधार बिऱ्हाडे नावाचा लिपिक बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला तुटक. निंबानं सवयीनं आधीच सांगून टाकलं, की मी शिपाई आहे, सभासद नाही, आणि मला एका इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिजे.

"शिपायाला बंदी आहे असं कुठे लिहिलंय?" बिऱ्हाडे म्हणाला. "शब्द सांगा."

शब्द ऐकून तो उठला, पहिल्या खंडांपैकी एक दोन्ही हातांनी काढून आणला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. निंबाला त्याच्या बोटाचं नख तेवढं दिसत होतं.

"हा शब्द जुना आहे," बिऱ्हाडे म्हणाला. "नेमबाजीचा नंतरचा. आधी एका नाण्याला म्हणायचे. मग खिडकीच्या काचेत मधे जाड फुगवटा राहतो, त्याला. जहाजावरच्या एका गोल ठोकळ्याला. भिंगाच्या कंदिलाला. चघळायच्या एका गोळीला पण. नेमबाजीचा काळा गोल येतो तो मागच्या शतकात."

"आणि बैलाची कवटी?"

"ती इथे नाही."

"म्हणजे खोटं?"

"खोटं असं मी म्हणत नाही. पुरावा नाही. गोल, मधे काळं, डोळ्यासारखं दिसतं, म्हणून नाव पडलं असावं. हाही अंदाजच."

निंबाचा बांध फुटला. "साहेब, मला असावं-बिसावं नको. बैल मारले का नाही, एवढं हो किंवा नाही सांगा. पाच वर्षं झाली."

"हो-नाही पाहिजे असेल तर तुमच्या सुभेदारालाच विचारा," बिऱ्हाडे म्हणाला. मग निंबाचं तोंड बघून जरा थांबला. "बसा. काय झालंय?"

निंबानं सगळं सांगितलं. खांदेमळणीपासून ते पेपरपर्यंत. बिऱ्हाडे हसला नाही. म्हणाला, "तुमच्या त्या मैदानाला गावात काय म्हणतात?"

"चांदमारी."

"चांदाला कुणी गोळी मारली?"

निंबा बघतच राहिला. इतकी वर्षं तो हा शब्द रोज बोलत होता. मग त्याला आपोआप दुसरं आठवलं, जे आईला जास्त पटेल असं. उसाच्या पेराला कोंब फुटायची जागा असते तिला डोळाच म्हणतात. दोन डोळ्यांचं टिपरं लावा, तीन डोळ्यांचं लावा, असं आईच सांगायची. उसाला डोळा आहे म्हणून कुणाचा फोडून नाही लावलेला.

त्यानं बिऱ्हाडेकडून सगळं मराठीत कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "यावर शिक्का मारा."

"शिक्का पुस्तकांसाठी असतो."

"माझ्या आईला वाचता येत नाही. तिला शिक्का कळतो."

बिऱ्हाडेनं इकडे तिकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला, शिक्क्यावर 'हा' करून तोंडाची वाफ सोडली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तो दाबला. जांभळा, गोल, स्वच्छ उमटला. निंबानं तो वाळेपर्यंत फुंकर घातली.

पोळ्याला निंबा सकाळच्या एसटीनं गावाला गेला. कागद शर्टाच्या वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. आई चुलीपुढे होती, पुरण शिजत होतं. त्यानं तिथेच बसून कागद वाचून दाखवला. नाणं, खिडकी, कंदील, गोळी. मग चांदमारी, मग ऊस. शेवटी शिक्का दाखवला. द्रौपदाबाईनं कागद हातात घेतला आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. निंबाला वाटलं, आता ती काहीतरी नवं काढणार. पण काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं एकूण एक फट बुजवून आणली होती. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "लाव मंग."

तिचा चेहरा उतरला होता, हे निंबाला दिसलं. पण आनंदात माणूस असलं काही मोजत नाही.

संध्याकाळी बैल दारात आले. शिंगांना तांबडा रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. वना दोघांच्या मधे, कासरे हातात. द्रौपदाबाईनं ताटली निंबाला दिली. गल्ली बघत होती. निंबानं बोट कुंकवात बुडवलं आणि लाखाच्या कपाळाकडे नेलं. लाखानं मान झटकली. निंबानं दुसऱ्यांदा हात नेला, तेव्हा लाखा फुसकारला आणि असा मागे हटला, की ताटली उडून निंबाच्या शर्टावर पालथी झाली. वनानं नुसतं जिभेनं टक् केलं. बैल जागेवर थांबला. त्याची मान खाली आली ती वनाच्या खांद्याशी.

निंबा हातभर अंतरावर होता. लाखाचा डोळा त्याच्या अगदी समोर होता. त्यानं तो पहिल्यांदाच नीट पाहिला. गोल नव्हता. आतली काळी बाहुली आडवी होती, लांबट. हजारो गोल कापले होते त्यानं, आणि पाच वर्षं या शब्दाच्या मागे हिंडला होता, पण घरी येऊन बैलाचा डोळा बघावा, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. आणि तो डोळा त्याच्याकडे बघत नव्हता. वनाकडे बघत होता.

द्रौपदाबाई जवळ आली. फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तू वरीसमा एक दिन येस. तो बठ्ठं वरीस त्यासना मांगे ऱ्हास. टिया कोनी लावाले जोयजे, सांग."

निंबाला क्षणभर कळेना. मग कळलं, तेव्हा त्याचे कान तापले. "मंग तो शबद? माले पाच वरीस काब्र फिरवं?"

"मी नही फिरवं. तूच बोलना व्हता. माले धराले काहीतरी सापडनं." ती खाली बघत होती. "मोठा शेस तू. तुन्हा मान शे. तुले तोंडवर कशी सांगू?"

शब्दाला दाखला आणता येतो. याला कुठल्या ग्रंथालयातून आणायचा? त्यानं ताटली उचलली, तिच्या काठाला थोडं कुंकू राहिलं होतं, आणि ती वनापुढे धरली. वना मागे सरला. "भाऊ, तूच लाव ना. मी धरस त्याले."

"लाव तू," निंबा म्हणाला. आवाज त्याला पाहिजे होता त्यापेक्षा चढा लागला, आणि गल्लीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

वनानं टिळा लावला. दोन्ही बैलांना, अंगठ्यानं, सरळ. त्याच्या अंगठ्याला नखाखाली माती होती.

रात्री आईनं पहिली पुरणपोळी निंबाच्या ताटात वाढली, तूप जास्त घातलं. तो जेवला. रागावर जेवला, पण जेवला. दुसऱ्या दिवशी एसटीपर्यंत वना पिशवी घेऊन आला. वाटेत बऱ्याच वेळानं म्हणाला, "भाऊ, पोयाना आठ दिन आधी ये पुढला वरीस. रोज चारा टाक त्याले. मंग तो तुले वळखी."

निंबानं त्याच्या हातातली पिशवी घेतली. एसटी आली.

त्या वर्षीही सुभेदारांनी नव्या पोरांना झाडाखाली बसवलं, कवटी खांबावर टांगली, तीर आरपार काढला आणि विचारलं, "क्यों निंबा?" निंबा म्हणाला, "मालूम नहीं साब. किसी को मालूम नहीं." सुभेदार चिडले. निंबा खळीची बादली घेऊन खंदकात उतरला.

एक्क्याण्णवच्या जुलैत त्यानं ऑफिसातून रजेचा अर्ज आणला. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस. त्याच दिवसांत शिबिर येत होतं, म्हणजे साहेब कारण विचारणारच. नाव, हुद्दा, तारखा, सगळं भरून झालं. खाली रकाना होता, 'रजेचे कारण'. निंबानं पेन टेकवलं, उचललं. बैलाला माझी ओळख पटावी म्हणून, असं कसं लिहिणार? मेजर साहेब तो अर्ज स्टाफरूममध्ये वाचून दाखवतील आणि इंग्रजीचे सर चष्मा पुसतील. त्याला आईची आठवण झाली, चुलीपुढे कागदावरून अंगठा फिरवणारी, आणि पहिल्यांदाच तिचा राग आला नाही. खरं कारण तोंडावर सांगणं किती अवघड असतं हे त्याला त्या टेबलाशी कळलं, आणि कळूनही उपयोग झाला नाही. बराच वेळ बसून शेवटी त्यानं सगळे लिहितात तेच लिहिलं, घरगुती काम.